मशिनीत कोणाचा धवला पहिला

आमची कोमल जन्मली त्याच आठवड्यात वरच्या आळीत कृष्णाबाईच्या सुनेलाही मुलगी झाली, आणि तिथूनच सगळं सुरू झालं असं माझं पक्कं मत आहे. कृष्णाबाईनं बारशाचा दिवस धरल्याचं नळावरून कळलं, तशी भामानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आमचं बारसं एक दिवस अलीकडे ओढलं. पाळण्याचा रंग सुकायचा होता. बारशाला आलेल्या सगळ्या बायका हिरव्या हातांनी घरी गेल्या. पण पहिलं बारसं आमचं झालं. तिकडच्या मुलीचं नाव मनिषा ठेवलं. पाळण्यातल्या कोमलला यातलं काही कळत नव्हतं असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. मनिषाच्या बारशाची वाजंत्री ऐकू आली तेव्हा ही किंचाळायला लागली होती, ते मी या कानांनी ऐकलंय.

माझी नात म्हणून कौतुक करत नाही, पण इतकं मनापासून जळणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पाहिलं असेल तर एकच, आणि ती तिची आजी.

लहानपणी तिच्या मोठ्या भावाला, जीवनला, कांजण्या आल्या. घरभर त्याचीच विचारपूस. शहाळी येतायत, उशाशी कडुलिंबाचा टाळा ठेवलाय, आई अंगावरून हात फिरवतेय. कोमल दिवसभर दारात उभी राहून बघत होती. संध्याकाळी ती देवघरातून बाहेर आली ती अंगभर लाल ठिपके घेऊनच. "मना बी आल्यान," म्हणाली. भामानं घाबरून जवळ घेतली, तर कांजण्या लुगड्याच्या पदराला लागल्या. देव्हाऱ्यातली कुंकवाची डबी रिकामी झाली होती.

पुढे शाळेत बाईंनी मनिषाच्या अक्षराचं कौतुक केलं. मनिषा डावरी. कोमल घरी आली आणि डाव्या हातानं लिहायला बसली. मी म्हटलं, बाळ, तुझा हात उजवा. तर म्हणते, "तिचा डावा चांगला हाय तर माजा कनाला नाय?" बरेच दिवस तिची वही बघून वाटायचं की पानावर खेकडा चालून गेलाय.

अशी ही पोर. मोठी झाली, नवीन पनवेलला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला गेली. मनिषाही गेली. त्याच कॉलेजात, त्याच वर्गात. विचुंब्याहून निघणाऱ्या एकाच सहा सीटर रिक्षात दोघी बसायच्या, एक पुढे ड्रायव्हरशेजारी, दुसरी पार मागे.

आता भामाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. धवले म्हणजे लग्नातली गाणी. मांडव घालायचा धवला वेगळा, हळदीचा वेगळा, नवऱ्याला न्हाऊ घालायचा वेगळा, पाठवणीचा वेगळा. धवलारीण पाटावर बसून गाते, आणि गातागाताच सांगते की आता करवलीनं पुढे यायचं, आता मामानं पाणी घालायचं. तिची ओळ अडली की मामा तांब्या घेऊन नुसता उभा राहतो. भामा आमच्या गावची धवलारीण. आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसानं मान वळवावी. मी लग्नाआधी तिचा आवाज ऐकला तो असाच, माझ्या चुलतभावाच्या मांडवात. बघायला तिला गेलो ते केवळ रीत म्हणून. पसंती तिथंच झाली होती. असो.

कृष्णाबाईही धवलारीण. दोघींचं गाणं एकाच म्हातारीकडून आलेलं, आणि खरे धवले आपल्याकडे आले, उरलेले तिच्याकडे, असं दोघीही छातीवर हात ठेवून सांगणार.

दोन हजार नऊच्या हंगामात एका मांडवात भामा मध्येच थांबली. पुढची ओळ येईना. मामा तांब्या घेऊन उभा. आणि बायकांत बसलेल्या कृष्णाबाईनं पान चघळता चघळता तीच ओळ उचलली आणि शेवटापर्यंत नेली. झालं. त्यानंतर लोक भामाला जेवणाचं आमंत्रण द्यायचे आणि पाटाचं कृष्णाबाईला. आणि वरच्या आळीतून लग्नाचं वाजप ऐकू आलं की आमच्या घरातली भांडी जोरात आपटायची.

आणि पुढच्या वर्षी जीवनचं लग्न ठरलं. आमची सून सुनंदा, जीवनची आई, माझ्याजवळ हळूच म्हणाली, "मामा, पाटाचं कृष्णाबाईंना सांगायचं का? सासूबाई अडल्या तर?" सासूबाई आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या नि म्हणाल्या, "माज्या नातवाच्या मांडवात ती बसली ना, तर मी त्या दिवशी नेऱ्याला बहिनीकडं जाऊन बसन."

म्हणजे जीवनच्या लग्नात पाटावर भामा बसणार की कृष्णाबाई, हा सवाल होता. आमच्या घरात त्या वर्षी दुसरा सवालच नव्हता.

त्याच सुमारास कॉलेजच्या सरांनी पोरांना शेवटच्या वर्षाचं काम दिलं. जगातली माणसं प्रोग्रॅम लिहून फुकट वाटतात, ते उघडून आतलं बघायलाही मोकळीक असते, असं कोमलनं मला सांगितलं. माझा विश्वास बसेना. आमच्याकडे विहिरीचा दोर उसना मागितला तर माणूस आधी गाठी मोजून देतो. अशाच एका ल्युसीन नावाच्या लायब्ररीवर, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमांच्या गाठोड्यावर, पोरांनी शोधायचं यंत्र बनवायचं होतं. मजकूर भरायचा, शब्द विचारायचा, तो शब्द कुठे कुठे आहे ते यंत्रानं सांगायचं. शिकाऊ पोरं, म्हणून सगळं मशिनीच्या आठवणीतच ठेवायचं, रॅममध्ये. डिस्कवर मांडामांड करत बसायची गरज नाही. आणि काम दोघादोघांनी करायचं. सरांनी जोड्या लावल्या. एका गावच्या आहेत, सोयीचं होईल, म्हणून कोमल आणि मनिषा!

त्या दिवशी पोर घरी आली ती चप्पल न काढताच. "आजोबा, सगल्या वर्गात मना तीच भेटली?"

मनिषा म्हणाली होती, माझ्या आजीचे धवले भरू. कोमल म्हणाली, मग माझ्या आजीचेपण. मनिषा म्हणाली, शोधायचा भाग अवघड आहे, तो मी करते. बस. कोमल म्हणाली, "तो मीच करनार. तू टाइप कर." तेव्हा कोमलला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं.

जीवन उरणकडे कंटेनर यार्डात कामाला. त्याच्या ऑफिसानं जुने लॅपटॉप काढले तेव्हा त्यानं एक आणून दिला होता. बॅटरी मेलेली, भिंतीच्या प्लगला जोडला तरच जिवंत. त्यावर आमची कोमल बसली.

भामाचे धवले आधी मोबाइलवर घेतले. मोबाइलसमोर गायचं म्हणून भामानं ठेवणीतलं लुगडं नेसलं, केसात अबोली माळली. मी म्हटलं, अगं, त्याला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. म्हणाली, "तुमी बी लगनाआधी नुसतंच ऐकलात." बऱ्याच दिवसांचं ते काम. मध्येच म्हणायची, आता भात टाकायचाय, उरलेलं मग सांगते. कोमल ऐकून ऐकून लिहायची, टाइप करायची. वरच्या आळीत मनिषा कृष्णाबाईचे धवले टाइप करत होती. मग सगळे एकत्र केले, प्रत्येक धवल्यावर गाणारीचं नाव.

हे यंत्र चालतं कसं, ते कोमलनं मला समजावलं. प्रत्येक धवला म्हणजे एक कागद समजा. यंत्र त्यातले शब्द वेगळे करतं आणि लक्षात ठेवतं की कुठला शब्द कुठल्या कागदात आहे. मग शब्द विचारला की सगळं वाचत बसायला नको, कागद लगेच पुढे येतात. मी म्हटलं, एवढंच? मग हे तर घरात आहे. भामाला नुसतं 'हंडा' म्हणा. कोणाच्या लग्नात कोणी हंडा दिला, कोणी द्यायचा टाळला, कोणाचा हंडा पातळ पत्र्याचा निघाला, सगळी लग्नं ती भराभर काढून देईल. कोमल हसली. म्हणाली, "तेच, आजोबा. आजीला ते सगलं भांडनापुरतं आठवतंय, इथं गान्याचं आठवायला पायजे."

पण यंत्राला काहीच आठवेना. धवले भरले, 'मांडव' विचारलं, उत्तर शून्य. 'नवरी' विचारलं, शून्य. लग्नाच्या गाण्यांत नवरी नाही! कोमलनं खाणंपिणं सोडलं. मी म्हटलं, मनिषाला विचार की. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला कॉलेज सोडायला सांगितलं होतं. "तिला विचारू? ती रिक्षात सगल्यांना सांगन."

मग आम्ही एक युक्ती काढली. म्हणजे तिनंच काढली, मला आपली मजा वाटली. मी फोन लावायचा, मलाच उत्सुकता आहे असं दाखवायचं.

"मनिषा बाळ," मी म्हटलं, "मी कोमलचा आजोबा. सहज विचारतोय हां. समजा एखाद्यानं यंत्रात मजकूर भरला, आणि यंत्र म्हणतंय काही नाहीच, तर काय झालं असेल?"

तिकडून हसण्याचा आवाज.

"आजोबा, तुम्ही कधीपासून कोडिंग करायला लागलात?"

"हल्लीच."

"बरं. त्या एखाद्याला सांगा, भरून झाल्यावर लिहिणारा बंद केला का बघ. रायटर क्लोज नाही केला तर आत काही पोचत नाही." मग म्हणाली, "आणि तिला सांगा, माझंपण आधी तसंच झालेलं. मी घरी करून बघत होते."

शेवटचं वाक्य मी कोमलला सांगायला नको होतं. "म्हंजे तिनं माजा भाग बी केला?" पण तिनं रायटर बंद केला, 'नवरी' विचारलं, आणि पडद्यावर नवऱ्याच नवऱ्या. पोर उठून ओटीवर नाचली. भामा म्हणाली, हिचं लगीन ठरलं का काय.

नेमके तेव्हाच दिवे गेले. तेव्हा आमच्याकडे रोजच जायचे. पडदा काळा. दिवे आले तेव्हा यंत्र पुन्हा कोरं, 'नवरी' विचारलं तर शून्य. टाइप केलेले धवले डिस्कवर शाबूत होते, पण कुठला शब्द कुठे, ती सगळी आठवण पुसली गेलेली. पुन्हा भरावं लागलं. भामा दारात उभी राहून बघत होती.

"म्हंजे लाइट गेली का ती विसरतंय?"

"हो आजी. आठवनीतच ठेवलेलं ना सगलं."

"मग बरी हाय," भामा म्हणाली. "माजीच जात."

आणि तिथंच कोमलच्या डोक्यात आलं. लग्नात लॅपटॉप मांडवात न्यायचा, डीजेच्या जनरेटरवर लावायचा. आजी पाटावर, आपण तिच्या मागे. आजी अडली की शब्द टाकायचा आणि ओळ हळूच कानात सांगायची. सुनंदालाही ते पटलं. पाट भामाचा ठरला. त्या दिवशी भांडी अगदी हळू लागली.

एका दुपारी कोमल आजीला यंत्र दाखवायला बसली. कुठला शब्द टाकू? भामा म्हणाली, हलद टाक. टाकली. पडद्यावर पहिलं नाव आलं कृष्णाबाईचं. भामाचं दुसरं.

भामाला फार वाचता येत नाही. स्वतःचं नाव येतं, आणि एक नाव येतं ते कृष्णाबाईचं. ती एकदा ग्रामपंचायतीला उभी होती, तिचं पोस्टर आमच्या गोठ्याच्या भिंतीवर लागलं होतं, आणि ते फाडायचं की नाही हे ठरवण्यात भामानं बरेच दिवस काढले होते. त्यात अक्षरं पाठ झाली.

"हिचं नाव वर कनाला?"

"आजी, ते मानाचं नसतंय. ज्या गान्यात तो शब्द जास्त असंल ते गानं वर येतं."

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडे हळदीला पहिलं बोट कोणी लावायचं यावरून मांडवात रुसवे होतात. पत्रिकेत कोणाचं नाव वर छापलं यावरून सख्खे भाऊ लग्नाला येत नाहीत. तिथं वरचं नाव मानाचं नसतं, हे कोणाला पटायचं?

मला मात्र कोमलनं समजावलं. लहान धवला असेल आणि त्यात शब्द पुन्हा पुन्हा येत असेल, तर यंत्राला वाटतं, हा त्याच गोष्टीचा धवला. लांबलचक धवल्यात तोच शब्द एकदा आला, तर त्याला तेवढं महत्त्व नाही. मी म्हटलं, कळलं. मासळीच्या छोट्या पाटीत चार जिताडे दिसले की पाटी जिताड्यांची, आणि मोठ्या हाऱ्यात एकच जिताडा असला तर हारा बोंबलांचाच. कोमल म्हणाली, "आजोबा, सरांना बी असं नाय सांगता आलं."

पण भामा दोन दिवस कोमलशी बोलली नाही. आणि खरं सांगायचं तर भामापेक्षा कोमलच जास्त जळत होती. तिनंच बनवलेलं यंत्र, तिच्याच घरातल्या प्लगवर, आणि वर नाव मनिषाच्या आजीचं! त्या लायब्ररीत एक सोय असते, एखाद्या कागदाला वजन वाढवून द्यायची. कोमलनं पुस्तकात ती शोधली आणि आजीच्या सगळ्या धवल्यांना वजन लावून टाकलं. मग आजीला बोलावलं. हळद टाकली, भामा वर. मांडव टाकला, भामा वर. काहीही टाका, भामा वर.

"आता कसं शानं झालं," भामा म्हणाली, आणि कोमलच्या डोक्यावरून हात फिरवला. मनिषाला यातलं कोणी काही सांगितलं नाही.

हळदीचा दिवस. मांडव भरलेला. भामा पाटावर, अबोली माळलेली. मागे कोमल मांडीवर लॅपटॉप घेऊन. जीवन उघड्या अंगानं चौरंगावर. बायकांत समोरच कृष्णाबाई आणि शेजारी मनिषा. भामानं मांडवाचा धवला असा म्हटला की मला चुलतभावाचा मांडव आठवला. मग हळदीची वाटी आली, करवल्या उभ्या राहिल्या, आणि भामा थांबली. मान जराशी मागे केली. कोमलनं 'हळद' टाकलं, वर आला त्या धवल्याची पहिली ओळ कानात सांगितली, आणि भामानं गळा सोडला.

"येशीच्या बाहेर गाडी जेली, मागं बगतांना मान वलली..."

करवल्यांची बोटं वाटीतच राहिली. हा तर पाठवणीचा धवला. नवरी सासरी निघते तेव्हाचा. त्यात पुढे कुठेतरी ओल्या हळदीच्या पावलांची एक ओळ आहे, तेवढीच काय ती हळद. भामा आपल्याच सुरात, डोळे मिटून, उघड्या अंगाच्या जीवनला सासरी पाठवत होती.

कृष्णाबाईनं पान गालात सरकवलं. "भामे, पोरगा घरजावय धाडतेस का गो?"

मांडव असा हसला की डीजेवाल्या पोरालाही हसू आवरेना. जीवन बिचारा हळद लागायच्या आधीच लाल झाला. आणि हसणं विरायच्या आत कृष्णाबाईनं बसल्या जागेवरून हळदीचा धवला धरला. बोटं वाटीतून निघाली, हळद लागली. भामा पाटावरून उठली, आतल्या खोलीत गेली, आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी सुनंदा वरच्या आळीत जाऊन कृष्णाबाईला पाटाचं सांगून आली. उद्या लग्न आमच्याच मांडवात, नवरीची मंडळी आपट्याहून येणार. त्यांच्यासमोर पुन्हा असं नको म्हणाली, आणि तिचंही बरोबर होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी ओटीवर चष्मा पुसत बसलो होतो. कोमल आजीच्या दाराशी गेली. आतून भामाचा आवाज आला, "ती मशिन घेऊन आली असशील तर जा."

"आजी, मशिन नाय चुकली. मी चुकवली." कोमल दाराशीच बसली. "तुजं नाव वर यावं म्हनून मीच तिला सांगलेलं, आजीची गानी शंभर पट मोठी धर."

मग दार उघडलं.

"शंभरच?"

"आजी!"

"हजार सांगायचं होतंस." मग भामा खाली बसली. "पन शंभर पट धरून बी माजा हलदीचा कनाला नाय आला? पाठवनीचा कनाला आला?"

"तू हलदीचा सांगलासच नाय. त्या दिवशी बोल्लीस, भात टाकायचा हाय, मग सांगतंय. मी बी मग नाय विचारला. तुज्या गान्यांत हलद तेवढ्या एका ओलीत हाय. म्हनून तेच वर आलं."

भामानं लुगड्याचा काठ बोटांत धरला. मी चष्मा पुसायचा थांबलो.

"नाय येत मना," ती म्हणाली. "अर्धा येतंय. अर्धा कुठं जेला, म्हाईत नाय. तुला काय सांगू, आणि त्या फोनात काय बोलू?"

कोमलनं लॅपटॉप पुढे ओढला. "मी वजन काढून टाकलंय. आता जे गानं खरं असंल तेच वर येईल. पन आजी, कृष्णाबाईचं आलं तर म्हनशील?"

बाहेर वाजंत्रीवाल्यांचा चहा पिऊन झाला, तोवर भामा लुगड्याचा तोच काठ दुमडत आणि उलगडत बसली.

"म्हनन," ती शेवटी म्हणाली. "पन नाव मोठ्यानं वाचू नको."

भामा मांडवात आली तेव्हा कृष्णाबाई पाटाजवळ पोचलेली. भामा गेली आणि पाटावर बसली. कृष्णाबाई बघत राहिली. मग तीही बसली, उरलेल्या अर्ध्या पाटावर. मी नवरीच्या मामाशी बोलत होतो, पण माझे कान तिकडेच.

पहिले दोन धवले भामाचेच होते, आणि तिनं ते कोणाच्या मदतीशिवाय म्हटले. मग न्हाणाचं आलं. जीवनचा मामा तांब्या घेऊन उभा, आणि भामाची मान जराशी मागे गेली. कोमलनं शब्द टाकला. वर कोणाचं नाव आलं ते मला ओटीवरून दिसलं नाही, पण कोमलच्या तोंडावरून कळलं. तिनं वाकून ओळ सांगितली. भामानं पदर खोचला, आणि गायला लागली.

दुसऱ्याच ओळीला कृष्णाबाईचे डोळे मोठे झाले. "यो तर माजा हाय!"

"आजी, गप ना," मनिषा म्हणाली.

गप कसली बसते! आपला आहे हे दाखवायला तिनंही सूर धरला, भामापेक्षा वरचा. भामानं आणखी वर नेला. कृष्णाबाईनं त्याच्याही वर. डीजेच्या पोरानं आपण होऊन त्याची पेटी बंद केली. मामा पाणी घालतच राहिला, कारण कुठे थांबायचं हे कोणी सांगेना. जीवन कुडकुडत होता, नवरीकडच्या बायका उठून जवळ आल्या होत्या.

धवला संपला तेव्हा दोघींना धाप लागली होती. आपट्याची एक बाई म्हणाली, "तुमच्याकडं दोन-दोन धवलारनी बसतंत व्हय?"

"एकच," भामा म्हणाली. "ती साथीला हाय."

"साथीला कोन, ते मशिनला इचारा," कृष्णाबाई म्हणाली. तेवढ्यात भामानं तिला कोपर मारलं, आणि पुढच्या धवल्याला दोघींनी एकदमच तोंड उघडलं.

परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं, शोधात एक धवला दुसऱ्याच्या वर का येतो? कोमलनं जिताड्यांची पाटी सांगितली. सर हसले आणि खूष झाले. काम दोघींचं म्हणून दोघींना गुण सारखे दिले. कोमल घरी आली ती हिरमुसून. मी म्हटलं, एवढे चांगले गुण पडले की. "पन सारखेच, आजोबा! मग त्याचा काय उपेग?" तरी त्यानंतर रिक्षात दोघी शेजारी बसायला लागल्या. मी विचारलं, तर म्हणाली, तिचं लक्ष कुठं हाय ते जवलून दिसतंय.

परीक्षा झाली, तरी यंत्र काही सुटलं नाही. कृष्णाबाईच्या कानावर गेलं की भामाचे धवले जास्त भरलेत. ती काठी टेकत आमच्या ओटीवर आली. "पोरी, माजे किती हायत?" कोमलनं सांगितलं. कृष्णाबाई तिथंच बसली आणि मनिषालाही न सांगितलेला एक जुना धवला म्हणाली. तो होता हळदीचाच, पण वेगळा. भामा आतून ऐकत होती. कृष्णाबाई जायच्या आत ती बाहेर आली आणि म्हणाली, "यो तू अर्धाच सांगलास. उरलेला मना येतंय." आणि खरंच, कुठे गेला होता कोण जाणे, पण तो अर्धा तिला आला.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. दुपारी कृष्णाबाई यायची, दोघी समोरासमोर बसायच्या, एक म्हणायची, दुसरी नाक मुरडायची, कोमल टाइप करायची. मी पंख्याखाली बसून ऐकायचो. असं गाणं फुकट कोणाला मिळतं? मधूनच कोणीतरी शब्द टाकायला सांगायची, आणि वर कोणाचं नाव आलं यावरून चहा गोड लागायचा किंवा कडू.

एकदा असाच शब्द टाकायचा होता आणि दिवे गेले. पंखा थांबला, पडदा काळा झाला. बऱ्याच वेळानं दिवे आले. कोमलनं यंत्र चालू केलं, आता सगळं पुन्हा आठवणीत भरायचं होतं. दोन्ही म्हाताऱ्या एकदमच तिच्या खांद्यावरून वाकल्या.

"पयलं माजं भर," भामा म्हणाली.

"पयलं माजं," कृष्णाबाई म्हणाली.